वॉटर बेस पॉलिशला डुकराच्या केसांचा ब्रश? थांबा भावांनो

गणपतीआधी चौरंग, देवघर घरीच पॉलिश करा म्हणून एक मेसेज सगळीकडं फिरतोय, आमच्या तीन ग्रुपवर आला. त्यात लिहिलंय की वॉटर बेस, म्हणजे पाण्यात बनवलेल्या पॉलिशला डुकराच्या केसांचा भारीतला ब्रश घ्या, डबा जोरात हलवा, चकाकी येईपर्यंत ब्रश फिरवत राहा, दोन कोटच्या मधे स्टील वूल (लोखंडाच्या बारीक तारांचा घासायचा गुंता) मारा आणि काम झालं की ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवा. हे बघून लोक खर्च करणार आणि चांगलं लाकूड वाया जाणार, म्हणून लिहितोय.

ब्रशचं आधी. तो केसाचा ब्रश वाईट नाही, ऑइल व्हार्निशला एक नंबर, पण केस पाणी पितो, आंघोळीनंतर आपले केस कसे मऊ पडतात तसंच त्याचं होतं, फुगतो, फाकतो, ताठपणा जातो आणि मग सरळ पट्टा ओढताच येत नाही. पाण्याच्या मालाला सिंथेटिकच पाहिजे. नायलॉन थोडं पाणी घेतं, पॉलिएस्टर जवळजवळ घेतच नाही, त्यामुळं दोन्ही मिक्स असलेला, टोकाला निमुळत्या मऊ केसांचा दोन इंची ब्रश मला सगळ्यात बरा वाटतो. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत घ्यायला गेलात तर दुकानदाराला नुसतं पॉलिशचा ब्रश द्या म्हणू नका, वॉटर बेससाठी पाहिजे हे स्पष्ट सांगा.

डबा हलवला की फेस होतो आणि तेच बुडबुडे लाकडावर वाळतात, काठीनं सावकाश ढवळा, बास.

चकाकी येईपर्यंत फिरवत राहा हे तर लईच चुकीचं. हा माल पटकन धरतो, अर्धवट वाळलेल्यावर परत ब्रश गेला की ओरखडे उठतात आणि ते तसेच राहतात. ब्रश आधी पाण्यात भिजवून झटकायचा, केसांचा तिसरा हिस्साच मालात बुडवायचा, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं लांब पट्टा ओढायचा, कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिला जोडायचा आणि मागं वळून बघायचं नाही. सुरवातीला दुधाळ दिसतं, घाबरू नका, वाळताना स्वच्छ होतं.

स्टील वूलचं मी स्वतः भोगलंय. आजीचा सागवानी चौरंग होता, मधे स्टील वूल मारलं, बारीक तारा रेषांत अडकल्या, वरून पाण्याचा कोट बसला आणि दोन दिवसांत काळपट ठिपके. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन (त्यातला तुरट पदार्थ) एकत्र आलं की असंच होतं, शेवटी सगळं खरवडून काढावं लागलं आणि आजी काही बोलली नाही त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यापेक्षा पहिल्या कोटच्या आधीच ओल्या फडक्यानं लाकूड पुसा, तंतू उभे राहतील, वाळलं की 220 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं मारा, मधल्या कोटला 320, आणि धूळ नीट पुसा.

टर्पेंटाइनचा इथं काही उपयोग नाही. काम संपल्या संपल्या साबणाच्या पाण्यात ब्रश धुवा, कारण एकदा वाळला की पाण्यानं निघत नाही.

आणि मेसेजवाल्यानं हवेचा विचारच केला नाही. डब्यावर दोन तास लिहिलेले असतात ते कोरड्या हवेचे, आपल्याकडं श्रावणात भिंती घाम फोडतात, पाणी उडायलाच वेळ लागतो. पंखा लावा, पेपर मारल्यावर कोरडी भुकटी पडते का बघा, चिकट गोळ्या होत असतील तर दुसरा कोट उद्यावर ठेवा.