‘बारावीला सत्तरच्या खाली? मग नर्सिंग विसरा’ : हे साफ चुकीचं आहे

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चार वेगवेगळ्या ग्रुपांवर आला, पण लागला तो पाचव्यांदा आला तेव्हा. आमच्या गल्लीतल्या एका मुलीने तो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘मावशी, खरं आहे का हे? मग मी फॉर्म भरू का नको?’ बारावी सायन्सला तिला 61 टक्के आहेत. नर्सिंगची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, दिलेली आहे. वडील केळीच्या बागेत सालदार.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा. सत्तर टक्क्यांच्या खाली असाल तर नर्सिंगचा नाद सोडा. गणित कच्चं असेल तर तुमच्या हातून पेशंट मरेल. मराठी शाळेतल्या मुलींना इंग्रजी झेपत नाही. एकदा नापास झालात की वर्षं आणि पैसा दोन्ही पाण्यात. आणि शेवटी, हुशार मुली डॉक्टर होतात, उरलेल्या नर्सिंगला येतात.

नर्स म्हणून बावीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, त्यातली अलीकडची काही वर्षं शिकाऊ मुली माझ्या हाताखाली असतात. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देते.

आधी टक्के. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलची अट आहे 45 टक्क्यांची. एससी, एसटीच्या मुलींना 40. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, बारावी कुठल्याही शाखेची चालते, 40 टक्के आणि इंग्रजी विषय हवा. एएनएमलाही, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सच्या कोर्सला, आर्ट्स, कॉमर्सच्या मुली येतात. सत्तरचा आकडा कुठल्या नियमात आहे ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही, कारण तो नियमात नाहीच. सरकारी कॉलेजच्या जागा थोड्या असतात, तिथे मेरिट वर जातं, हे खरं. पण जागा न मिळणं वेगळं आणि अभ्यास न झेपणं वेगळं. शिवाय राज्यात बी.एस्सी. नर्सिंगसाठी आता सीईटी आहे. त्या पेपरात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न असतात. गणिताचा विभागच नाही.

आता गणित. या एका मुद्द्याने मुली सगळ्यात जास्त घाबरतात, म्हणून इथे जरा थांबते.

नर्सला रोज लागणारं गणित पाचवी-सहावीचं आहे. गुणाकार, भागाकार, दशांश अपूर्णांक आणि आपल्याला शाळेत शिकवलेली एकमान पद्धत. दहा किलोचं बाळ आहे, तापाचं औषध किलोमागे 15 मिलिग्रॅम सांगितलंय, म्हणजे 150 मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय, 5 मिलीत 125 मिलिग्रॅम. मग एका मिलीत 25, आणि 150 साठी 6 मिली. झालं. सलाईनचं बघा. 500 मिलीची बाटली चार तासांत संपवायची आहे आणि सेट असा आहे की 20 थेंबांचा एक मिली होतो. एकूण थेंब 10,000, मिनिटं 240. भागाकार केला की मिनिटाला साधारण 42 थेंब. मग घड्याळ समोर धरायचं आणि नळीवरचं चाक फिरवत थेंब मोजायचे.

त्या मुलीला मी फोनवर विचारलं, ‘बागेत ठिबक कोण सोडतं?’ म्हणाली, ‘सुट्टीत मीच.’ म्हटलं, ‘ड्रिपर ताशी चार लिटरचा आहे, झाडाला बारा लिटर द्यायचंय, किती वेळ?’ माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, ‘तीन तास.’ फवारणीचं विचारलं. लिटरला दोन मिली, पंप पंधरा लिटरचा. ‘तीस मिली.’ सलाईनचं गणित याच जातीचं आहे. बागेत लिटर-तास होते, वॉर्डात मिली-मिनिटं येतात. ज्या मुली कापसाच्या फवारणीचं औषध मोजतात, त्या बीजगणितात नापास झाल्या म्हणून गणितात ‘ढ’ ठरत नाहीत.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मी खोडणार नाही. चूक झाली तर पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा एका मिलीत 40 युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपीची. 100 युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपीची सिरिंज लागते. 100 चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट औषध अंगात जातं. पण ही चूक गणित कच्चं असल्याने होत नाही. घाईत लेबल न वाचल्याने होते. म्हणूनच इन्सुलिनसारखं औषध भरलं की दुसऱ्या सिस्टरला दाखवायचं असतं. मी आजही दाखवते. बारावीला 90 टक्के असलेली मुलगी ‘मला येतं’ म्हणून न विचारता सुई टोचायला निघाली, तर मला तिची भीती वाटते. 55 वाली तीनदा विचारत असेल, तर तिच्या हाती मी वॉर्ड सोपवून जेवायला जाऊ शकते.

इंग्रजीचं दुखणं माझंही होतं, म्हणून खोटा धीर देणार नाही. पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, केसपेपर इंग्रजीत. पहिले सहा महिने जड जातात. मी बारावी आर्ट्स, 52 टक्के, मराठी शाळा. जीएनएमच्या पहिल्या चाचणीत अ‍ॅनाटॉमीला 50 पैकी 14 मिळाले. शिकवणाऱ्या मॅडम वर्गासमोर म्हणाल्या, ‘गावाकडच्या मुलींनी एएनएमच करावं.’ ते वाक्य माझ्या मनात बरीच वर्षं होतं. (त्यात एएनएमचाही अपमान होता. नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर लस पोचते ती एएनएम डोंगर चढून जाते म्हणून.)

मी काय केलं ते सांगते. दोनशे पानी वही घेतली आणि शब्द फोडायला लागले. ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी. ‘टॅकी’ वेगाने, ‘ब्रॅडी’ सावकाश. शेवटी ‘आयटिस’ आलं की सूज. असे शंभरेक तुकडे पाठ झाले की हजार शब्द आपोआप उलगडतात. हे तुकडे ग्रीक-लॅटिन आहेत, कॉन्व्हेंटच्या मुलीलाही ते नवेच असतात. त्या बाबतीत दोघी एकाच रेषेवरून निघतात. दिवाळीनंतरच्या चाचणीत मला 50 पैकी 31 होते.

आताच्या मुलींची स्थिती माझ्यापेक्षा बरी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम असलं तरी अकरावी-बारावी सायन्सला त्यांनी बायोलॉजी इंग्रजीतच वाचलेलं असतं. बी.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी हा विषयच असतो, त्याला पास व्हायला 40 टक्के लागतात. बाकी मुख्य विषयांना 50, थिअरीला वेगळे आणि प्रॅक्टिकलला वेगळे.

शिवाय भाषेचा दुसरा अर्धा भाग त्या मेसेजवाल्याला दिसलाच नाही. एका रात्री वॉर्डात अमळनेरकडची एक म्हातारी आली. नवीन डॉक्टर तिला विचारत होते, छातीत दुखतंय का? ती मान हलवून नाही म्हणायची. मी जवळ बसले, तिच्याशी अहिराणीत बोलले. म्हणाली, ‘दुखत नई माय, पन मना जीव घाबरस, नि डावा हात भारी पडना.’ मी लगेच डॉक्टरांना सांगितलं, ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता. बायकांमध्ये आणि डायबेटिसवाल्यांमध्ये तो पुष्कळदा छातीत न दुखताच येतो, हे मी इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. पण तिने मला सांगितलं ते अहिराणीत. दोन्ही लागतं. इंग्रजी चार वर्षांत येतं. अहिराणी, पावरी, भिली तुम्ही घरून घेऊन येता, आणि ती कुठल्या सीईटीत मोजली जात नाही.

नापास होण्याचं थोडक्यात. राहिलेला विषय पुन्हा देता येतो. बी.एस्सी. चार वर्षांचं आहे, पण पूर्ण करायला कमाल आठ वर्षांची मुदत आहे. माझ्या बॅचमध्ये फिजिऑलॉजीत राहिलेली एक मैत्रीण आज आयसीयूची इन्चार्ज आहे.

आणि ‘उरलेल्या नर्सिंगला येतात’ याबद्दल. एकाच मेसेजमध्ये वर लिहायचं की हा कोर्स साध्या मुलींना झेपत नाही, आणि खाली लिहायचं की यात साध्याच मुली येतात. दोन्ही एकदम खरं कसं असेल? डॉक्टर राउंड घेऊन जातात, पेशंटजवळ आठ तास सिस्टर असते. रात्री तीनला श्वासाचा वेग बदललाय हे ओळखायला डोकं लागतं, आणि ते बारावीच्या मार्कलिस्टवर छापलेलं नसतं.

काळजी करायचीच असेल तर टक्क्यांची सोडून दुसऱ्या गोष्टींची करा. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते पैसे भरायच्या आधी स्वतः बघा. एजंटच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. कॉलेजला संलग्न हॉस्पिटल कुठलं, तिथे खरोखर पेशंट असतात का, ते जाऊन बघा. बी.एस्सी.ला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीकडे 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलचे सगळे तास भरावे लागतात. म्हणून केळीच्या कापणीला, लग्नसराईला मुलीला घरी बोलावू नका, हे मी आईवडिलांना सांगते. माझ्या पाहण्यात अभ्यास न झेपल्याने घरी बसलेल्या मुली थोड्या आहेत. हजेरीमुळे आणि फीमुळे अडकलेल्या त्यांच्याहून जास्त आहेत.

त्या मुलीला उद्या दुपारी घरी बोलावलंय. जातीचा दाखला आणि दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट आणायला सांगितल्यात. उत्पन्नाचा दाखला तिच्याकडे नाही, तो काढायला तिचे वडील आज तहसीलला गेलेत.