सलाईनने पोट भरत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या भावकीच्या ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून उगवतो. त्याचं सार एवढंच: 'जेवणासाठी नाकातून पोटात नळी घातली की माणूस संपला समजा. ताकद सलाईनमध्येच असते, नळी बिल वाढवायला. सिस्टरची नजर चुकवून तोंडाने चार घास भरवा. आणि नळीतून तरी काय देतात, पहिल्या दिवशी वाटीभर पाणी! उपाशी मारतात.' खाली हात जोडलेले, की झालं खरं.

आधी सलाईन. 'सलाईन चालू शे ना, मंग जेवन कसाले जोयजे?' हे वॉर्डाबाहेर सर्रास ऐकू येतं. साध्या सलाईनच्या लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ असतं. कॅलरी शून्य. ५ टक्के ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली घेतली तर त्यात २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. शंभरच्या आत कॅलरी. एक कळण्याची भाकरी याहून जास्त देते. ५० किलोच्या आजारी माणसाला दिवसाला साधारण १२५० ते १५०० कॅलरी लागतात. तेवढ्या बाटल्यांनी भागवायच्या तर सात-आठ लिटर पाणी अंगात जाईल, आणि ते हृदय-फुप्फुसांना झेपणार नाही. प्रथिनं तर दोन्ही बाटल्यांत नाहीतच. ती मिळाली नाहीत की शरीर स्वतःचेच स्नायू खातं, जखमा भरत नाहीत, पाठीला बेडसोअर होतात.

'माणूस संपला' हे तर बहुतेकदा उलटंच असतं. लकवा मारल्यावर गिळणं बिघडतं, पण अनेकांचं ते काही आठवड्यांत सुधारतं आणि नळी निघते. तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर (तंबाखू आपल्याकडे काही कमी नाही) टाके भरेपर्यंत नळीच जेवू घालते. चार-सहा आठवड्यांपेक्षा जास्त लागणार असेल तर पोटातून थेट जठरात नळी बसवतात. एक मात्र मान्य करायला हवं: स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढल्याचं दिसत नाही. तिथे सावकाश हाताने भरवणंच बरं, आणि तसं डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

चोरून भरवण्याचा सल्ला सगळ्यात घातक. गिळणं बिघडलेल्याच्या घशातून घास श्वासनलिकेत उतरतो. कधी ठसका लागतो, कधी तोही लागत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं की छान गेलं. मग ताप, न्यूमोनिया. 'निदान पाणी तरी' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की पातळ पाणी आणि चहा घशातून भर्रकन सरकतात, म्हणून अशा पेशंटला तेच आवरायला सगळ्यात अवघड जातात.

बिलाचं म्हणाल तर महाग असतं ते शिरेतून दिलेलं अन्न. ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि स्निग्धांश असलेली ती पांढरी पिशवी दूध नव्हे. हे पूर्ण अन्न फार तीव्र असल्यानं मोठ्या शिरेतूनच द्यावं लागतं, आणि जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, यकृताचा त्रास हे धोके सोबत येतात. अमेरिकेत फिलाडेल्फियात स्टॅनली डुड्रिक या सर्जननी १९६० च्या दशकात कुत्र्याची पिल्लं केवळ शिरेतल्या अन्नावर वाढवून दाखवली. तेव्हापासून आतडं बंद पडलेल्या, फाटलेल्या किंवा कापून टाकावं लागलेल्या माणसांना ते जगवतं आहे. पण आतडं चालत असेल तर नळीच सुरक्षित, आणि स्वस्तही. नळीतून द्यायच्या महागड्या पावडरीच्या डब्याबद्दल शंका असेल तर डायटिशियनला विचारा की घरचं पातळ, गाळलेलं चालेल का. आपल्याकडे मे महिन्यात सकाळचं दुपारी देऊ नका, ते नासतं. देताना आणि नंतर तासभर उशाकडची बाजू उंच ठेवा, शेवटी पाण्याने नळी धुवा.

आणि ते वाटीभर पाणी? बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं, हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून सुरुवात थोड्यावर, आणि रोज रक्त तपासत वाढ.