दर्जा थोडा वाढवा

लेख लिहिण्यापेक्षा लिहिलेला लेख सुधारणे अधिक कष्टाचे असते, हे बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. या शहरात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार साहित्य संमेलने भरली आणि त्याचा परिणाम असा झाला आहे की, शेवटच्या संमेलनात ज्यांनी नुसत्या खुर्च्या मांडल्या, त्यांनाही दुसऱ्याच्या गद्याविषयी ठाम मते प्राप्त झाली आहेत. अशा या नगरीत आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या चिटणिसांनी, स्मरणिकेसाठी मी दिलेला ‘कमाटीबागेतील सकाळ’ हा लेख ‘उत्तम आहे, फक्त दर्जा थोडा वाढवा’ अशा शेऱ्यासह परत केला. दर्जा उंचीने वाढवायचा की रुंदीने, असे मी विचारले, तेव्हा ‘ते तुम्हाला आम्ही काय सांगावे?’ असे नम्रपणे म्हणून ते वर्गणीच्या फेरीला निघून गेले.

पत्नीने ‘छान आहे’ असा अभिप्राय दिला. तो तिने लेख हातात घेण्यापूर्वीच दिला असल्यामुळे त्याचा सुधारणेसाठी काही उपयोग झाला नाही.

मग लेख आत्याकडे गेला. माझी आत्या नव्वदीच्या घरात आहे आणि तिचे शिक्षण ज्या काळात झाले, त्या काळी मराठी अक्षरांवर अनुस्वार सढळ हाताने पडत असत. तिने भिंग घेऊन, दारात रांगोळी काढावी तितक्या निष्ठेने, माझ्या ‘नाही’, ‘का’ आणि ‘केव्हा’ यांच्या डोक्यांवर ठिपके दिले. तेथून लेख शेजारच्या नानांकडे गेला. नाना टपाल खात्यातून निवृत्त झाले असून आयुष्यभर पाकिटेच पाहिल्यामुळे आतल्या मजकुरात त्यांना फारसा रस वाटत नाही. मात्र मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे शुद्धलेखनाचे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली आणखी चारांची भर त्यांना मुखोद्गत आहे. त्यांनी लाल शाईने आत्याचे सगळे ठिपके वेचून काढले आणि समासात ‘अनुच्चारित अनुस्वार रद्द’ असे सरकारी हुकमाच्या थाटात लिहिले.

ही गोष्ट आत्यापर्यंत पोहोचू नये म्हणून मी पुष्कळ खबरदारी घेतली, परंतु आमच्या वाड्यात बातमी जिन्याने न जाता भिंतीतून जाते. आत्याने शांतपणे विचारले, “ते नियम कोणत्या सरकारने मान्य केले?” महाराष्ट्र शासनाने, असे मी सांगितले. “आणि आपण कुठे राहतो?” मी गप्प राहिलो. “एक मे १९६० पासून आपण गुजरातेत आहोत. तिथला कायदा इथे लागू करायचा असेल तर नानांना म्हणावं, आधी गांधीनगरहून कागद आण.” हा युक्तिवाद मी नानांना कळवला, तेव्हा टपाल खात्यात चाळीस वर्षे काढलेला तो माणूस प्रथमच निरुत्तर झालेला मी पाहिला. अनुस्वार परत आले, पुन्हा गेले, आणि कागदाला त्या जागी भोके पडू लागल्यावर दोन्ही पक्षांनी तात्पुरता युद्धविराम स्वीकारला. या सगळ्या काळात लेखात लिहिले काय आहे, याची चौकशी कोणीही केली नव्हती.

ती चौकशी भाच्याने केली, निदान तसे वाटले. तो अलकापुरीतल्या एका कचेरीत जाहिरातींचा मजकूर लिहितो. फोनवर वाचणारा माणूस आठ शब्दांपलीकडचे वाक्य सहन करत नाही, असे त्याचे म्हणणे होते. आपले पूर्वज मोडी पत्रांत दोन शब्दांमध्ये मोकळी जागासुद्धा सोडत नसत, पूर्णविरामाची सवय मराठीला लागली ती एकोणिसाव्या शतकात मेजर कँडीसारख्या इंग्रजाच्या खटपटीनंतर, आणि तरीही पेशव्यांची पत्रे ज्याला कळायची त्याला बरोबर कळत, असे मी त्याला ऐकवले. तो म्हणाला, “मामा, पण मगर कुठे आहे?”

विश्वामित्री नदी कमाटीबागेला लागून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, हे बडोद्यातले शेंबडे पोरही जाणते. माझ्या लेखात मगर सहाव्या परिच्छेदात, काठावर ऊन खात पडलेली, अशी येत होती. ती पहिल्या वाक्यात यायला हवी आणि शक्य असल्यास तिने जबडा उघडलेला असावा, असा भाच्याचा आग्रह होता. मी प्रयोग म्हणून तिला पुढे आणून पाहिले. पण पहिल्याच ओळीत मगर भेटल्यावर पुढे फुलझाडांविषयी ऐकून घेण्याची मनःस्थिती कोणाचीच राहत नाही, मग तो वाचक असो की लेखक. शिवाय त्या सकाळी मगर काहीही करत नव्हती. नुसती पडून राहिलेली मगर हे लेखाचे उद्घाटन होऊ शकत नाही. आमच्याकडे उद्घाटनालाही निदान हात हलवणारा माणूस बोलावतात.

खरी सुधारणा झाली ती अपघाताने. भिंगाने डोळे दुखू लागल्यामुळे आत्या म्हणाली, “तूच मोठ्याने वाच, मी ऐकते.” दुपारची वेळ होती. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली ही बाग वसवली, येथपर्यंत ती जागी होती. दवबिंदू आले आणि तिची मान कलली. ‘नयनरम्य’ या शब्दाला ती स्पष्ट घोरली. मगर येऊन गेली तरी हालचाल नव्हती. मात्र फुलांच्या घड्याळासमोरच्या एका बाकावरून दोन पेन्शनर गृहस्थांचे जे भांडण जुंपले होते, ज्यात एकाने आपण याच बाकावर १९८४ पासून बसत असल्याचा दावा केला आणि दुसऱ्याने त्या काळी हे बाकच नव्हते असे प्रतिपादन करून पुराव्यादाखल तिसऱ्या गृहस्थाला हाक मारली, ते लांबलचक वाक्य सुरू होताच आत्याने डोळे उघडले आणि विचारले, “मग? बसलं कोण?”

वाक्याची लांबी हा दोष नसावा, अशी शंका मला तेव्हापासून येते. त्या वाक्यात प्रत्येक वळणावर कोणीतरी काहीतरी करत होते. दवबिंदूंच्या परिच्छेदात माझ्या शब्दसंपत्तीखेरीज कोणीच हजर नव्हते. डोळे आपल्याच अक्षराला लाजून पुष्कळ गोष्टी माफ करतात, पण मोठ्याने वाचताना जिथे जीभ घाई करू लागते, तिथे सांगण्यासारखे काही नाही हे जिभेला आधीच कळलेले असते. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि आत्याची मान जिथे जिथे कलली, तिथे तिथे समासात रेघ मारत गेलो. नानांच्या अठरा नियमांत बसणारी ही पद्धत नव्हे, परंतु हिच्याबद्दल कोणत्याही राज्यात तक्रार करता येणार नाही.

रेघा मारलेला मजकूर काढून टाकताना जिवावर आले, कारण त्यात माझी सर्वांत देखणी वाक्ये होती. सुरसागरावर पसरलेल्या चांदण्याचे एक वाक्य तर मी कॉलेजपासून जपून ठेवले होते आणि ते प्रत्येक लेखात कुठेतरी बसवत आलो होतो. सकाळच्या लेखात चांदणे कशाला, असे आत्तापर्यंत कोणी विचारले नव्हते, ही गोष्ट वेगळी. तेही गेले. महाराज गेले, दव गेले, मगर गेली. उरले दोन पेन्शनर, एक बाक आणि साक्षीला आलेला तिसरा इसम.

चिटणिसांनी नवा लेख उभ्याउभ्याच वाचला आणि दोनदा मोठ्याने हसले. नंतर त्यांनी पान उलटून मागची कोरी बाजू पाहिली. “दर्जा वाढलाय, यात शंकाच नाही,” ते म्हणाले, “पण शेजारच्या पानावर लीला चिवड्याची जाहिरात आहे आणि तुमचं अर्धं पान मोकळं राहतंय. सुरुवातीला बागेचं थोडं वर्णन टाकता येईल का? म्हणजे दवबिंदू वगैरे?”