'स्ट्रॉबेरी फील्ड्स' राहिलं की!
तुम्ही दिलेल्या, साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या, पहिला नंबर न मिळालेल्या रॉक गाण्यांच्या यादीत 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' नाही? कमाल आहे! १९६७ साली बीटल्सची ही तबकडी ('पेनी लेन'सोबतची) ब्रिटनमध्ये दुसऱ्यावर अडकली. वाट अडवली गायक एंगलबर्ट हम्परडिंकच्या 'रिलीज मी'ने. आणि हा बुवा जन्माने मद्रासचा! अमेरिकेत तर 'पेनी लेन' पहिलं आलं, हे बिचारं आठव्यावर.

वेगळ्या लयीचे, वेगळ्या पट्टीतले दोन टेक (ध्वनिमुद्रणं) बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिननी 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'मध्ये जोडलेत. साधारण मिनिटभरानंतर सांधा आहे. हेडफोन लावून शोधा. मला कोणीतरी सांगितल्यावरच कळला. पहिल्या नंबराच्या बाबतीत क्रीडन्स (क्लिअरवॉटर रिव्हायव्हल) या अमेरिकन बँडचं मात्र नशीबच तसलं: १९६९ मध्ये अमेरिकेत लागोपाठ तीन गाणी दुसऱ्या नंबरावर!