खिडक्या उघडल्याने छप्पर वाचत नाही

परवाच्या वळिवात रत्नागिरीला आमच्या आत्याने ऐन सोसाट्यात माडीवरच्या खोलीच्या पूर्वेकडील दोन्ही खिडक्या स्वतःच्या हाताने सताड उघडल्या, कारण व्हॉट्सॲपवर तिला तसा संदेश आला होता. खोलीचे चार पत्रे हुकांसकट उपटून शेजारच्या परसात फणसाखाली जाऊन पडले. ते खिडक्यांमुळेच गेले असे मी शपथेवर सांगणार नाही. मात्र तो संदेश धादांत चुकीचा आहे, हे सांगायलाच हवे.

‘वादळात घरातील हवेचा दाब वाढून छप्पर फुटते, म्हणून दारे-खिडक्या उघडून दाब समान करा,’ असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला आधीच वर ओढत असतो, आणि वाऱ्याच्या तोंडची खिडकी उघडली की तोच वारा आत कोंडून पत्र्याला खालून रेटू लागतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक, आयएस ८७५ भाग ३, याबाबत स्पष्ट आहे: भिंतीत ५ टक्क्यांपर्यंत मोकळी जागा असेल तर आतील दाबाचा गुणांक (वाऱ्याच्या दाबाचा किती हिस्सा आतून रेटतो तो आकडा) ०.२ धरायचा, २० टक्क्यांहून अधिक असेल तर ०.७. ताशी १०० किलोमीटरच्या झोताचा दाब चौरस मीटरला साधारण ४७ किलो भरतो. दोन गुणांकांतला फरक ०.५, म्हणजे १२ चौरस मीटरच्या खोलीच्या छपराला खिडक्या उघडल्यामुळे सुमारे पावणेतीनशे किलोचा जादा रेटा बसू शकतो. वादळात खिडकी लावून अडसर घालायचा आणि तिच्यापासून लांब बसायचे.

‘हे चक्रीवादळच होते, हवामान खात्याने लपवले,’ हा लोकांनी लावलेला दुसरा शोध. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि लपवता येत नाही; ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ रायगडकरांना विचारावे. आमच्या आळीत घाटावरून आलेल्या गडगडाटी ढगातून थंड हवा खाली कोसळली आणि जमिनीवर आपटून पसरली. सगळ्या फांद्या समुद्राच्या दिशेला पडल्या होत्या, पिळवटलेली एकही नव्हती. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी फलक कोसळून १७ जण गेले, तेव्हाही चक्रीवादळ नव्हते. मोबाइल टॉवर वारा खेचतात, या मुद्द्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

‘अशा वाऱ्याची सूचना मिळत नाही,’ या तक्रारीत थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. खात्याची तीन तासांची सूचना बहुधा जिल्ह्यापुरती असते, आळीपुरती नसते. मुंबई आणि गोव्याचे रडार इथून इतके दूर आहेत की त्यांचे किरण आपल्यावरून काही किलोमीटर उंचीवरून जातात. जमिनीलगतचा असा झोत त्यांना दिसणे कठीणच.

उद्या आत्याकडे पत्रे बसवायला माणूस येतो आहे. कडेच्या ओळींत हूक दाटीने मारायला त्याला सांगितले आहे, कारण त्याच मानकानुसार छपराच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर ओढ सर्वांत जास्त असते.