फँटम हेडला जीभ नसते

दंतवैद्यकाचे विद्यार्थी आधी फँटम हेडवर, म्हणजे तोंडात दात बसवलेल्या नकली डोक्यावर, हात बसवतात. स्पर्श जाणवणारे व्हीआर (आभासी) सिम्युलेटर आले की फँटम हेडची गरज संपेल, असं एका लेखात म्हटलंय. एवढी घाई नको.

बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला मी सरावासाठी काढलेले दात मागत दवाखाने पालथे घातलेत. बरणी घेऊन! कारण प्लॅस्टिकचा दात सगळीकडे सारखाच लागतो. खऱ्या दातात वरचं इनॅमल कडक, खालचं डेंटिन त्याहून मऊ आणि कीड लागलेला भाग तर पार भुसभुशीत. बर, म्हणजे दात कोरणारं फिरतं टोक, आत सरकताना हा फरक डोळ्यांआधी बोटांना कळतो. ॲमस्टरडॅमच्या ‘आक्टा’ या दंतमहाविद्यालयाबरोबर मूग कंपनीने बनवलेल्या सिमोडॉन्ट या सिम्युलेटरचं मोल इथेच आहे. हातातला हँडपीस (बर धरणारी मूठ) यंत्राला जोडलेला असतो. पडद्यावरचा बर दाताला टेकला की मोटर हाताला तेवढाच विरोध करते. चुकून नसेपर्यंत गेलात तरी तोच दात पुन्हा नवा मिळतो. आमचा एक दात बिघडला की पुन्हा बरणी घेऊन फिरणं आलंच.

पण पेशंटची जीभ मध्ये येते, आरशावर पाणी उडतं, गाल ओढून धरावा लागतो आणि माणूस अचानक मान हलवतो. मिनिटाला ३ लाखांहून जास्त फेरे घेणारा बर तेव्हा तोंडात असतो. तिथला घाम यंत्र आणत नाही, फँटम हेडही नाही म्हणा.

आणखी एक. १०० मुलांच्या वर्गात अशी दोन यंत्रं आली, तर एकेकाच्या वाट्याला किती वेळ येणार?