गव्हाच्या दाण्याएवढा चुना

‘हाडं ठिसूळ झालीत? रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घ्या. पोट जाळणाऱ्या गोळ्या बंद करा, आराम करा. सोलापूरकरांना तर ऊन भरपूर, डी जीवनसत्त्व कमी पडतच नाही.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. आईला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होऊन ठिसूळ होण्याचा आजार आहे, म्हणून दरवेळी तो मलाच दाखवतात.

आधी चुना. गव्हाचा दाणा भरतो 40-50 मिलिग्रॅम. तेवढ्या कोरड्या चुन्यात कॅल्शियम 25च्या आसपास. पाळी गेलेल्या बाईची दिवसाची गरज 1200 मिलिग्रॅम. वाटीभर दह्यात चुन्याच्या सहा-सातपट तरी असतं, म्हणजे राबतं दही आणि नाव चुन्याचं. शिवाय दाणा जरा मोठा झाला तर काय होतं, ते पानात चुना जास्त पडून जीभ पोळलेल्यांना विचारा.

ऊन गावाला आहे हो, पण माझी मावशी चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन घरातच विड्या वळतेय. कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण फार कमी, आणि मे महिन्यात भर दुपारी अंगणात कोण बसणार? रक्त तपासल्याशिवाय यावर बोलूच नये.

हाडांच्या गोळीने आईच्याही छातीत जळजळायचं. आठवड्यातून एकदाची ती गोळी आई चहासोबत घ्यायची आणि परत आडवी व्हायची. आता उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेते आणि अर्धा तास बसते किंवा फिरते. त्या अर्ध्या तासात चहा नाही, याचंच तिला खरं दुःख. जळजळ थांबली. तरीही त्रास झाला असता तर डॉक्टरांना विचारलं असतं, ग्रुपला नाही.

‘आराम करा’चा मला सगळ्यात जास्त राग येतो. पडून राहिलं की हाडं आणखी विरळ होतात, पायातलं बळही जातं. आई रोज चालते, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठते. बंद केलंय ते वाकून ओझं उचलणं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. आलं की पहाटे भरायची धांदल. अशाच एका पहाटे भरलेली कळशी उचलताना तिचा मणका दबला. आता नळाला पाइप लावलाय, थेट पिंपात.

न्हाणीच्या दाराशी पाय पुसायला जुनी सोलापुरी चादर घडी घालून टाकलेली असायची. ओल्या शहाबादीवर ती सरकायची, म्हणून मी उचलली. आई दोन दिवस बोलली नाही. चादर माहेरची होती.